रिकामी रांग आणि मेहुण्यांची स्मरणशक्ती

माझ्या मेहुण्यांना, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाला, हल्ली काही आठवत नाही, असं आमच्याकडे काशीतल्या बालाजी घाटाच्या आसपासच्या मराठी घरांत पक्कं झालं आहे. लोक हळहळतातही छान. "वयच झालं हो," म्हणतात, आणि पुढच्या वर्षीचं श्राद्ध दुसऱ्या गुरुजींना सांगून मोकळे होतात. हे पक्कं झालेलं सपशेल खोटं आहे. मेहुण्यांना सगळं आठवतं. विसरला तो माझा प्रोग्रॅम. तो विसरला हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी पुढचा पितृपंधरवडा येईपर्यंत तोंड उघडलं नाही. ते आता उघडतो आहे. हळहळणाऱ्यांनी जरा बसून ऐकावं.

मी इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर विभागात होतो. पगाराच्या स्लिपा छापणारा प्रोग्रॅम माझा होता. तो महिन्याअखेरीस बंद पडायचा, आणि मग प्राध्यापक मंडळी मला शोधत कँटीनपर्यंत यायची. त्यामुळे मी स्वतःला महत्त्वाचा माणूस समजत असे. रिटायर झालो आणि कोणी शोधत येईना. सकाळी दूध, दुपारी झोप, संध्याकाळी बायकोचा प्रश्न: "अहो, नुसते बसून काय राहता?"

मेहुणे घाटावरचे उपाध्ये. नाशिक, सातारा, सोलापूरकडची कितीतरी घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची यजमान. पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचं आडनाव कळलं की ते त्याचं गोत्र, बाप, आजा, पणजा, सगळं त्याच्या तोंडावर फेकत. भक्तिभावाने नव्हे, रुबाबाने. यजमानांशी ते थकबाकीदारांशी बोलावं तसं बोलत. "आजोबांना जाऊन किती वर्षं झाली? आणि आज आठवण झाली होय?" यजमान ओशाळून खाली बसे. सांगायचं एवढंच, की ते साधे गरीब ब्राह्मण वगैरे काही नव्हते.

पण लोकांना आता काशीला न येता काशी हवी असते. मेहुण्यांकडे येणारी माणसं कमी झाली, फोन वाढले, आणि सोवळ्यात फोन घेता येत नसल्यामुळे फोनही वाया जाऊ लागले. मी म्हटलं, "दादा, मी तुम्हाला वेबसाइट करून देतो." मी त्यांना बायकोसारखंच दादा म्हणतो.

"करा, भावोजी," ते म्हणाले. "तुमच्या त्या डब्ब्याला तरी काम मिळेल."

वेबसाइट झाली. गोत्र लिहा, तीन पिढ्यांची नावं लिहा, तिथी निवडा, बटण दाबा. बटण दाबल्यावर माझा प्रोग्रॅम कामाला लागायचा: दक्षिणा जमा झाली का पाहायचं, पावती तयार करायची, ईमेल करायची, एसएमएस पाठवायचा आणि शेवटी आमच्या घरच्या प्रिंटरवर गुरुजींसाठी चिठ्ठी छापायची. हे सगळं होईपर्यंत सोलापूरचा माणूस स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र बघत बसायचा. आमच्या प्रिंटरमधला कागद संपला की ते चक्र फिरतच राहायचं. मग माणूस पुन्हा बटण दाबायचा. आणि पुन्हा. एकदा सांगलीच्या एका गृहस्थाने एवढ्यांदा दाबलं की मेहुणे चिठ्ठ्यांची चळत घेऊन माझ्या दारात उभे.

"भावोजी, याच्या बापाला मी किती वेळा पिंड देऊ? जेवून जेवून जड झाला तर परत खाली यायचा."

तेव्हा मी रांग लावायचं ठरवलं. कॉम्प्युटरवाले तिला मेसेज क्यू म्हणतात आणि असं बोलतात की जणू ती त्यांनीच शोधली. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा कचोरीवाला रोज सकाळी तेच करतो. गल्ल्यावरचा माणूस पैसे घेतो, चिठ्ठी आत ढकलतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. कढईवरचा माणूस मागे बसून एकेक चिठ्ठी उचलतो. कचोरी तळून होईपर्यंत गिऱ्हाइकाला गल्ल्यावर खिळवून ठेवलं असतं तर दुकान कधीच बंद पडलं असतं. मीही तसंच केलं. वेबसाइटने नाव रांगेत टाकायचं आणि लगेच सांगायचं, 'आपली नोंद झाली.' मागे एक छोटा प्रोग्रॅम बसलेला, त्याला वर्कर म्हणतात, त्याने एकेक नाव उचलून चिठ्ठी छापायची.

या व्यवस्थेत एक शहाणपण असतं. वर्करने नाव उचललं तरी रांग ते लगेच पुसत नाही. वर्करने काम संपवून 'झालं' म्हणायचं, मग रांग पुसते. मधेच वर्कर मेला तर रांग थोडी वाट पाहते आणि तेच नाव पुन्हा पुढे करते. ज्यांनी कुणी हे ठरवलं त्यांना माणसांचा आणि यंत्रांचा अनुभव असावा. हे शहाणपण मी मोडलं.

कारण असं की आमचा प्रिंटर अडकायचा. चिठ्ठी छापून बाहेर यायची, पण वर्कर तिथेच गुदमरायचा आणि 'झालं' म्हणायचंच राहायचं. रांग बिचारी प्रामाणिक, ती तेच नाव पुन्हा द्यायची. पुन्हा दोन दोन चिठ्ठ्या, पुन्हा मेहुणे दारात. खरा उपाय म्हणजे छापण्याआधी 'ही आधी छापली आहे का' एवढं प्रोग्रॅमने तपासायचं. थोडे दिवस डोकं घालावं लागलं असतं. मी काय केलं, तर सेटिंगमधला एक शब्द बदलला. आता वर्करने नाव उचललं की रांगेने ते काम झालं असंच समजायचं. छापलं की नाही, हे विचारायचं नाही. दुहेरी चिठ्ठ्या त्या दिवसापासून बंद. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चौकातून रबडी आणली.

मग यजमानांची नवी मागणी आली. विधी झाला हे कळवा. मी मेहुण्यांना म्हटलं, "दादा, एक श्राद्ध झालं की फोनवर एक बटण दाबायचं. बस."

"सोवळ्यात?"

"एक बटण."

"बटण एक काय आणि दहा काय. बोट माझंच ना?"

बायकोने आतून सुचवलं, "सोवळं सोडल्यावर दाब की, दादा."

"सोवळं सुटेपर्यंत दीड वाजतो. तेव्हा मला फक्त ताट दिसतं."

ते हट्टी, मी आळशी. दोघांना सोयीचा मार्ग मी काढला. त्या तिथीला दुपारी साडेबारा वाजता मेसेज आपोआप जाईल. तोपर्यंत विधी झालेला असणारच, नाही का? मजकूर मीच लिहिला आणि त्यावर चांगली मेहनत घेतली: 'आपल्या पितरांचे श्राद्ध भागीरथीच्या तीरावर यथासांग संपन्न झाले.' घाटावर काही होवो न होवो, साडेबाराला सगळं यथासांग.

गेल्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात पाणी बरंच वर चढलं होतं. खालच्या पायऱ्या बुडालेल्या, उरलेल्यांवर गाळ, त्यामुळे मेहुण्यांनी वरच्या अंगाला बैठक मांडली होती. पंचमीच्या आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या छापत असताना लाइट गेली. यूपीएसने दोनदा शिटी मारली आणि मान टाकली. लाइट आली, कॉम्प्युटर उठला, वर्कर उठला. मी रांग पाहिली, रिकामी. म्हटलं, चला, सगळं छापून झालं. प्रत्यक्षात वर्करने शेवटचं नाव हातात घेतलं होतं, लाइटीबरोबर तो मेला, आणि रांगेने ते नाव आधीच पुसलं होतं. माझ्याच हुकुमावरून.

पंचमीला मी घाटावर होतो. वेबसाइटवर टाकायला फोटो काढत होतो. सोलापूरच्या एका शिक्षिकाबाईंनी वडिलांचं श्राद्ध वेबसाइटवरून सांगितलं होतं. त्यांचे चुलते योगायोगाने यात्रेच्या बसने काशीत आलेले. भावाचं श्राद्ध आहे तर आपणही बसू म्हणून ते आंघोळ करून, धोतर नेसून हजर झाले. मेहुण्यांनी चिठ्ठ्या चाळल्या.

"आज आपल्याकडचं कुणी नाही माझ्याकडे."

"नाही कसं? पुतणीने पैसे भरलेत."

"पैसे भरले असतील. चिठ्ठी नाही." मग मेहुण्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "थांबा. भारद्वाज गोत्र. तुमच्या आजोबांचे त्रिपिंडी विधी माझ्या वडिलांनी केले. तुम्ही धाकटे. गेले ते थोरले, शाळेत हेडमास्तर होते. चिठ्ठी गेली उडत. बसा, आत्ता करू."

हा माणूस विसरतो, असं नंतर ठरलं.

चुलत्यांनी पुतणीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे तिलाही मंत्र ऐकू येतील. मेहुण्यांनी दर्भ मांडले, तीळ काढले, जवाच्या पिठाची थाळी पुढे ओढली. तेवढ्यात फोनमधून बाईंचा आवाज आला.

"काका, झालंसुद्धा?"

"काय झालं?"

"आत्ता मेसेज आला. श्राद्ध भागीरथीच्या तीरावर यथासांग संपन्न झालं म्हणून."

चुलत्यांनी थाळीकडे पाहिलं. पीठ कोरडंच होतं. "गुरुजी, अजून पाणीसुद्धा घातलं नाहीत."

आजूबाजूचे यजमान माना वळवून बघू लागले. मेहुणे पुन्हा चिठ्ठ्या चाळू लागले.

"म्हणजे रोज हेच चालतं का इथे?" चुलते म्हणाले. "आम्ही तिकडे डोळे मिटून हात जोडतो, आणि तुम्ही इकडे वाळत घातलेल्या धोतरासारखे बसता?" ते उठले. पलीकडच्या गुरुजींनी लगेच पाट सरकवला. त्यांच्या तत्परतेबद्दल मी काही बोलत नाही.

मी दोन पायऱ्या वर होतो, हातात फोन. काय झालं असावं ते माझ्या तिथेच लक्षात आलं. खाली उतरून 'ही माझी चूक' म्हणायला वेळ लागला नसता. मी फोन खिशात घातला आणि घरी आलो.

संध्याकाळी मेहुणे आले. रागावून नाही, हेच वाईट होतं. "भावोजी, ती चिठ्ठी छापली होती का?"

मी कॉम्प्युटर उघडून दाखवला. "बघा, रांग रिकामी आहे. म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या गेल्या."

"मग गेली कुठे?"

"असेल इकडेतिकडे. पिशवीत, पंचांगात. होतं दादा असं, वय झालं आता."

माझ्या तोंडून हे इतकं गोड निघालं की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. रांग रिकामी होती यात एक अक्षर खोटं नव्हतं. मेहुण्यांनी पिशवी उलटी करून झटकली. बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी बसून तो शब्द पुन्हा पूर्ववत केला आणि दुहेरी छपाई रोखणारी तपासणीही घातली, जी आधीच घालायला हवी होती. त्यानंतर आजवर एकही चिठ्ठी हरवलेली नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'वेबसाइट आता अधिक सक्षम.' अंगठे आले.

तिकडे सोलापूरच्या बाईंनी साडेबाराचा मेसेज आणि सगळी हकिगत आपल्या लोकांना पाठवली होती. पंधरवडा संपायच्या आत पुष्कळ घराण्यांनी वाट बदलली. पण खरी वाताहत मेहुण्यांच्या डोक्यात झाली. जो माणूस चार पिढ्या तोंडावर फेकायचा, तो चिठ्ठीवर बोट ठेवून वाचू लागला. पिशवी सतत तपासायचा. घरून निघाला की परत यायचा. माझ्या बायकोने त्यांना ब्राह्मीच्या गोळ्या सुरू केल्या. पुण्याहून त्यांचा मुलगा आला आणि वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही सोबत गेलो. मी फार चांगला मेहुणा आहे.

डॉक्टरने विचारलं, "बाबाजी, आज तारीख क्या है?"

मेहुण्यांनी तिथी सांगितली, नक्षत्र सांगितलं, योग आणि करणही सांगितलं. डॉक्टरने कागदावर लिहिलं की तारीख सांगता आली नाही. मग शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. "किसलिए?" मेहुण्यांनी विचारलं. डॉक्टरने तेही लिहून घेतलं. मुलाने माझ्याकडे पाहून खेदाने मान हलवली. मीही हलवली.

मुलाने ठरवलं की या वर्षीचा पितृपंधरवडा झाला की बाबांना पुण्याला न्यायचं, घाटावरची जागा दुसऱ्याला द्यायची. मेहुणे 'हो' म्हणाले. रुबाब गेलेला माणूस फार लवकर हो म्हणतो.

या वर्षी पंधरवडा सुरू व्हायच्या आधी ते एका दुपारी घरी आले, हातपाय धुऊन माझ्या कॉम्प्युटरशेजारी बसले.

"भावोजी, एक काम करा. सगळ्या घराण्यांची नावं मी सांगतो, तुम्ही यात घालून ठेवा. माझ्या जागी बसेल त्याला उपयोगी पडतील. माझा आता भरवसा नाही. तुमचं यंत्र तरी विसरत नाही."

मी टाइप करू लागलो. नाशिक झालं, वाई झालं. नावं, गोत्रं, कोण कुठल्या तिथीला गेलं, कोणाची दुसरी बायको, कोण दत्तक, सगळं धबधब्यासारखं. मला हात आवरेना. मग सोलापूर आलं. "भारद्वाज. थोरले हेडमास्तर, पंचमी. वडील अमुक, आजे अमुक." ते थांबले. "यांचीच चिठ्ठी मी हरवली."

माझी बोटं कीबोर्डवर राहिली. म्हटलं, "दादा, चिठ्ठी तुम्ही नाही हरवली. ती छापलीच नव्हती."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, रांग, वर्कर, लाइट. मग उलटतपासणी सुरू झाली, आणि इतक्या महिन्यांनी मला त्यांचा जुना आवाज ऐकू आला.

"म्हणजे तुमच्या त्या नोकराने नाव हातात घेतलं, आणि घेतल्या घेतल्या झालं म्हणून मोकळा झाला?"

"हो."

"असं करायला त्याला कोणी सांगितलं?"

"मी."

"आणि साडेबाराचं यथासांग?"

"तेही मीच."

"आणि त्या दिवशी घाटावर माझ्या डोक्यावर उभं राहून फोटो कोण काढत होतं?"

मी कीबोर्ड बाजूला सारला.

"मी वर्षभर ब्राह्मी खातोय, भावोजी. चव माहीत आहे तुम्हाला?"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती भावाशी काही बोलली नाही, माझ्याशीच बोलली. "अहो, फोन घ्या. त्या सोलापूरच्या बाईंना लावा. आत्ता. स्पीकरवर."

मी लावला. आधी 'तांत्रिक अडचण' असं म्हणायला गेलो, बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग सरळ सांगितलं: चूक माझी, खोटं माझं, गुरुजींचा काही दोष नाही. बाईंच्या मागे शाळेची घंटा वाजली.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण आता काय करू मी? आम्ही गयेला जाऊन सगळं करून आलो. आता काशीला नाही पाठवत."

"निदान तेव्हा ज्यांना पाठवलं होतंत, त्यांना हे कळवाल?"

"तो ग्रुप मी सोडला. फार गुड मॉर्निंग यायचे."

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र मी लिहिलं, बायको शेजारी बसून. पहिला मजकूर तिने पुसायला लावला, कारण त्यात 'सिस्टीमकडून' असं होतं. उत्तरं आली: हात जोडलेले बरेच. एका साडूंनी लिहिलं, 'घरातल्या माणसाला सांभाळून घेणं यालाच म्हणतात.' पुण्याच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "काका, बाबांना बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय, कळतं मला. पण रिपोर्ट माझ्याकडे आहे."

तो रिपोर्ट तारीख न सांगता आल्याचा. त्याला मी पुन्हा पुन्हा सांगितलं. खोटं मी एका वाक्यात बोललो होतो आणि सगळ्यांना पटलं होतं. खरं बोलायला लागलो तर माझा चांगुलपणा सिद्ध होऊ लागला. म्हणून हे आता लिहून काढतो आहे, चांगुलपणाला जागा न ठेवता.

मेहुणे पुण्याला गेले नाहीत. त्यांनी मुलाला कळवलं की डोकं शाबूत आहे, आणि नसलं तरी ते काशीतच ठेवायचं आहे. साडेबाराचा मेसेज मी बंद केला. आता सोवळं सोडून, जेवून, पान लावून झालं की ते स्वतः बटण दाबतात. यजमान उशिराबद्दल तक्रार करतात, आणि मेहुणे त्यांना जुन्या सुरात सुनावतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात. आमच्याकडे जेवायला येत नाहीत, बायको डबा घेऊन जाते.

मी रोज सकाळी चिठ्ठ्या घेऊन घाटावर जातो, त्यांच्या हातात मोजून देतो आणि बाजूला उभा राहतो. संकल्प सुरू होतो. गोत्र, बाप, आजा, खणखणीत आवाजात. मग पणजाच्या नावापाशी ते थांबतात. नाव त्यांना येतं. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. तरी त्यांची नजर खाली चिठ्ठीकडे जाते, बोट ओळीवर ठेवतात, जे ओठांवर होतं तेच तिथे आहे याची खात्री करून घेतात, आणि मग नाव उच्चारतात. समोर बसलेला यजमान तेवढा वेळ मान वर करून त्यांच्याकडे बघत राहतो.